पेरावरची लव

माझं दुकान तणनाशकाचं, आणि डोक्यावर माडीत राहायचा तो भाडेकरू गवताचा भक्त. जोडी जुळवताना देवानं डोळे मिटले होते की काय, कोण जाणे. नांदूरघाटला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं असं सगळं ठेवतो, पण पावसाळ्यात खपतं ते गवत मारायचं औषध. हे भाडेकरू सर तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी स्कूटर लावली की दुकानात डोकवायचे, फळीवरची एखादी बाटली उचलायचे, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचायचे आणि विचारायचे, यातलं तण म्हणजे नेमकं कोण? मी म्हणायचो, सर, जे आपण पेरलं नाही ते तण. ते बाटली जागेवर ठेवून म्हणायचे, "मग मीही तणच की, मालक. मला इथं कुणी पेरलंय?" आणि जिना चढून जायचे. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघत राहायचं.

गावानं त्यांना 'गवत्या सर' असं नाव ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं. राग-लोभ काही नाही, पण एकदा मला म्हणाले की नुसतं गवत म्हणणं फार मोघम झालं, कुठलं ते सांगायला नको का?

गळ्यात काळ्या दोऱ्यात भिंग. नवा माणूस हात पुढं करायचा, भविष्य सांगतील म्हणून. शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी काड्या. कुठंही बसले की मोज्यातली कुसळं उपटत बसायचे आणि उपटलेलं कुसळ फेकायचे नाहीत, कागदाच्या पुडीत ठेवायचे. एकटा जीव, लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. आमच्या मंडळींनी एक-दोन स्थळं सुचवून पाहिली. सरांनी मुलीचा फोटो नीट बघितला आणि तिच्या मागं बांधावर दिसतंय ते गवत कोणतं, असं विचारलं. त्यानंतर मंडळींनी नाद सोडला.

त्यांची गवत ओळखायची तऱ्हा मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. काडी तोडायची आणि तिचं पेर, म्हणजे उसाला असतो तसा सांधा, वरच्या ओठावरून हळूच फिरवायचं. डोळे मिटून. लोकांना वाटायचं सर गवताचा मुका घेतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, सख्खे भाऊ वेगळे ओळखायचे तर तोंडाकडं बघून भागत नाही, गुडघे बघावे लागतात. काही गवतांच्या पेरावर बारीक लव असते. ती डोळ्याला चटकन दिसत नाही, बोटं तर कामानं निबर झालेली, पण ओठाला ती बरोबर लागते. मीही काडी फिरवून बघितली. मला काही लागलं नाही. "तुम्हाला नाही लागायची, मालक," ते म्हणाले, "तुमच्या मिशा आड येतात. गवत ओळखायचं तर एक तर गवत ठेवा नाही तर मिशा." आमच्या खानदानात मिशा काढायचा रिवाज नाही. त्यामुळं माझं शिक्षण तिथंच थांबलं.

गणपतीत मंडळींनी विहिरीच्या कडेनं हरळी खुडून आणली, एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधून ताटात ठेवल्या. सर दर्शनाला आले, हात जोडले, आणि ताटाकडं बघून म्हणाले, "वहिनी, यात परके घुसलेत." मग खाली मांडी घालून त्यांनी सगळ्या जुड्या सोडल्या. दूर्वांसारखे दिसणारे दुसऱ्याच गवतांचे कोंब एकीकडं, खऱ्या दूर्वा एकीकडं. खऱ्या निम्म्याच भरल्या. आरती खोळंबली, मोदक गार झाले. मंडळी पुटपुटल्या, "बाप्पा बी एवढं बारीक बघत नसंल." पण पुढच्या वर्षी खुडलेल्या दूर्वा त्या स्वतःच माडीवर घेऊन गेल्या, तपासून द्या म्हणून. एकदा मनात शंका पेरली की ती काय कुठल्या औषधानं मरते होय?

माडीच्या भिंतीवर त्यांनी एका पुठ्ठ्यावर कुसळ चिकटवलं होतं. कुसळी गवताच्या त्या लांब केसाला पीळ असतो. हवा ओली झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की बसतो, आणि टोक घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, फवारणी करावी का थांबावं हे त्या कुसळाला मोबाईलपेक्षा बरं कळतंय. गिऱ्हाईक औषध घ्यायला आलं की विचारायला लागलं, "कुसळ काय म्हनायलंय?" मग मी जिन्याखालून हाक मारायचो आणि वरून उत्तर यायचं. फुकटचं हवामान खातं मिळालं होतं म्हणा ना.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, फूल आल्याशिवाय नाव नाही. गवताला फूल असतं हेच मला तेव्हा कळलं. तुरा निघतो तेच त्याचं फूल. पानावरून, काडीवरून अंदाज करावा, पण नाव घ्यायचं ते तुरा भिंगाखाली बघूनच, असा त्यांचा दंडक. तो ते माणसांनाही लावायचे. माझा मेव्हणा दत्ता, मंडळींचा धाकटा भाऊ, डोंगराच्या पलीकडच्या गावात राहतो. त्याच्या पोराच्या बारशाला सर आमच्याबरोबर आले होते. बायकांनी कौतुकानं विचारलं, सर, तुम्ही शिकलेले, एखादं चांगलं नाव सुचवा. सर पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अजून फूल कुठं आलंय?" सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी जिलबी वाढायला घेतली.

आणि म्हशीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढं ती उपयोगी पडली. सरांनी परसात ऊन द्यायला गवताचे दोन भारे पसरले होते. दोन्ही मला एकाच गवताचे दिसत होते. मारवेल. शेंड्याला हाताच्या बोटांसारखे चार-पाच तुरे, तोच जांभळट रंग. आमची भुरी म्हैस दावं तोडून तिथं पोचली आणि मी बघेपर्यंत एक भारा गायब. महिनाभराची मेहनत होती त्यांची. वर जाऊन चाचरत सांगितलं. सर अनवाणीच खाली धावले, पण म्हशीवर ओरडायचं सोडून मला विचारलं, कुठल्या भाऱ्यापासून सुरुवात केली? दुसऱ्याला तोंड लावलं का? लावलं नव्हतं. दुसरा भारा तसाच पडलेला होता. सरांना एवढा आनंद झालेला मी कधी बघितला नव्हता. त्यांनी त्यातली एक काडी माझ्या हातावर चुरगाळली. औषधासारखा उग्र वास आला. हा मारवेलाचा चुलतभाऊ, म्हणाले, आणि भिंगातून दाखवलं तर त्याच्या प्रत्येक दाण्याच्या सालीवर सुईनं टोचल्यासारखा खळगा. अस्सल मारवेलाला वास नाही, खळगा नाही, पण पेरावर पांढऱ्या लवेचं कडं असतं. लोक दोघांनाही मारवेलच म्हणतात. भुरी म्हणत नव्हती. तेव्हापासून सर तिला 'बाई' म्हणायला लागले.

त्या दिवशी परसात बसून त्यांनी मला मारवेलाच्या आणखी एका भावाची गोष्ट सांगितली. त्याच्या पेरावर लव नसतेच. ती असते वर, तुऱ्याची बोटं जिथून फुटतात त्याच्या अगदी खाली. फार दुर्मिळ. विद्यार्थी असताना सरांनी तो एका जुन्या संग्रहात बघितला होता, कागदावर चिकटवलेला, वाळलेला. जिवंत कधीच नाही. सगळ्या सुट्ट्या त्यांनी डोंगर पालथे घालण्यात घालवल्या होत्या आणि तो भेटला नव्हता. "एकदा भेटला पाहिजे, मालक," एवढंच म्हणाले. लोक पंढरीच्या ओढीनं बोलतात तसं ते बोलले, आणि मला पहिल्यांदाच त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही.

मग माळाचं प्रकरण निघालं. दत्ताच्या गावाच्या वरच्या अंगाला डोंगराकडं मोठा माळ आहे. कागदावर तो पडीक. सरपंचांनी तिथं झाडं लावायची योजना आणली. खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, चौफेर तारेचं कुंपण. झाडाला वाईट कोण म्हणेल? फोटो काढायला बरं, भाषणाला बरं. पण दत्ताची शेती म्हणजे नावाला, त्याचं घर चालतं गाई आणि बकऱ्यांवर, आणि त्या चालतात त्या माळावर. ऐन उन्हाळ्यात तो दुकानात आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, कुंपन पडलं तर जनावरं कुटं नेऊ? तुमच्या गच्चीवर?" मंडळी आतून पदर डोळ्याला लावूनच बाहेर आल्या. सर जिन्यावर उभे राहून ऐकत होते. त्यांना झाडांचा रागच होता असं नाही, पण गवताच्या माळाला उजाड म्हटलेलं त्यांना खपत नसे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं माळावर गेलो. ऊन असं की दगडावर भाकरी भाजावी. गवत वाळून पिवळं पडलेलं, जनावरांनी खाऊन उरलेले नुसते सड. सर एकेक काडी तोडत होते, ओठावर फिरवत होते. एका जागी थांबले. परत फिरवली. दुसरी तोडली, तिसरी तोडली, मग भिंग लावलं आणि खालीच बसले. म्हणाले, लव नाही. कुठल्याच पेरावर नाही. तो हाच, मारवेलाचा तो भाऊ, इथं आहे.

मीच म्हणालो, सर, पण फूल? त्यांनी माझ्याकडं बघितलं, दत्ताकडं बघितलं. "फुलाची वाट बघू तोवर खड्डे पडतील, मालक." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फुलाआधी नाव घेतलं.

पुढं भराभर झालं. सरांनी वरपर्यंत लिहिलं, की या माळावर दुर्मिळ गवत आहे. साहेब लोक येऊन बघून गेले, त्यांनाही सड बघून काय कळणार? गवताला तुरा येईपर्यंत काम थांबवा, असा हुकूम निघाला. रोपांच्या काळ्या पिशव्या ग्रामपंचायतीमागं रचून राहिल्या. सरपंच चिडले, दत्ताच्या घरी मात्र सरांना दर रविवारी धपाटे आणि दही. सर माणूस बदलल्यासारखे झाले. दाढी वेळेवर, शर्टाला इस्त्री, जिना चढताना गुणगुणणं. मंडळी मला म्हणाल्या, स्थळ मिळालं म्हणायचं एकदाचं.

पाऊस बरा झाला. पोळा झाला आणि त्यानंतरच्या रविवारी सर माळावरून लवकर परत आले. वर गेले नाहीत. गिऱ्हाईक जाईपर्यंत दुकानाच्या फळीवर बसून राहिले आणि मग एक हिरवी, तुरा आलेली काडी काउंटरवर ठेवली.

"साधा मारवेल आहे, मालक."

भिंगातून पेरावर पांढरं कडं मलासुद्धा दिसलं, मिशा असून. उन्हाळ्यात आम्ही बघितल्या त्या गेल्या सालच्या जुन्या काड्या होत्या. जुनी झाली की लव झडते. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्यांना ते आठवायचंच नव्हतं.

मी काडी उचलून खिशात घातली आणि म्हटलं, झालं, विषय संपला. त्या माळावर भिंग घेऊन जाणारे तुम्ही एकटे, तुम्ही गप्प बसलात तर सांगणार कोण? ते म्हणाले, मी सांगणार. ग्रामसभेतच सांगणार. माझं डोकं फिरलं. मी नाही नाही ते बोललो. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, म्हटलं, माझ्या मेव्हण्याच्या दावणीला काय बांधायचं, तुमचं खरं? सरांचे डोळे भरलेले होते, पण आवाज चढला नाही. म्हणाले, "दत्तारावांचं काय होईल ते मला कळतं हो. पण ते गवत तो नाही. मी त्याला दुसऱ्याचं नाव लावून कसं ठेवू?" त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मंडळी भावासाठी रडत होत्या आणि तरीही दोन्ही वेळचं ताट वर नेऊन देत होत्या. मी त्यांना म्हटलं, त्याला कावून जेवू घालतेस? म्हणाल्या, खोटं बोलला असता तर घातलं नसतं. 

ग्रामसभेला दत्ताचं अख्खं गाव जमलं होतं. सर उठले आणि जे होतं ते सांगितलं. माझी चूक झाली, फुलाआधी नाव घेतलं, हे गवत दुर्मिळ नाही. पोरं हसली. दत्तानं मान खाली घातली ती वर केली नाही. सरपंच मिशीवर हात फिरवत म्हणाले, "म्हंजे सादंच गवत हाय. मग उद्या मशीन आनतो." सर म्हणाले, हो, अगदी साधं. आणि खाली बसले. मला वाटलं, संपलं. आता बहिणीला भावाकडं जायचं तोंड राहिलं नाही आणि मला बायकोकडं बघायचं.

तेवढ्यात मागून एका म्हातारीनं विचारलं, "सादा मारवेल म्हंजे म्हशी खातेत त्यो? का त्यो वासाचा?"

सर ताडकन उठले. आजवर त्यांना कुणी नीट प्रश्न विचारलाच नव्हता. मग ते जे बोलत सुटले! वासाचा वेगळा, हा वेगळा. इथं वासाचा जवळजवळ नाहीच, अख्खा माळ अस्सल मारवेलानं धरलाय, असा माळ मी दुसरा बघितला नाही. यापेक्षा चांगला रानातला चारा मला दाखवा. पाऊसकाळभर राखला तर कापून घरोघर नेता येईल, मुरूमही धरून ठेवेल. खोटं वाटत असेल तर आमच्या मालकांच्या म्हशीला विचारा. आणि इथं भुरीची सगळी कथा सांगितली. सभा हसली, पण हे हसू निराळं होतं. उन्हाळ्यात कडब्यासाठी दारोदार फिरलेले लोक होते ते. पडीक म्हणून ज्याच्याकडं पाठ फिरवली त्यात आपल्या जनावरांचं जेवण आहे, हे त्यांना एकदम दिसायला लागलं. म्हातारी म्हणाली, दुर्मिळ राहिलं बाजूला, चारा हाय म्हना की.

सरपंच सहजी ऐकणारे नव्हते. "समदा माळ मारवेल हाय कशावरनं?"

झालं, ग्रामसभा उठली आणि माळावर गेली. तो देखावा मी मरेपर्यंत विसरणार नाही. अख्खं गाव वाकून काड्या तोडतंय आणि ओठावर फिरवतंय. सरपंचांनी चार ठिकाणच्या काड्या फिरवल्या आणि गरजले, कसली लव, काय लागत न्हाई. सर नम्रपणे म्हणाले, मिशा आहेत. मग सरपंचांनी त्याच काड्या त्या म्हातारीकडं दिल्या. तिनं एकेक फिरवली आणि परत दिली. "हाय की लव. ही बी मारवेल. ही बी." बाकीच्या बायका पुढं सरसावल्या, त्यांनाही लागली. त्या दिवशी गावाचा निकाल बायकांनी दिला, कारण सगळे कारभारी मिशीवाले होते.

झाडं ओढ्याच्या काठानं आणि शाळेभोवती लागली. माळाला कुंपण पडलं नाही. पाऊसकाळात जनावरं सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं, दिवाळीनंतर माळ मोकळा, असं ठरलं. दत्ता त्यावरही कुरकुरला, चार महिने कापायची मेहनत कोण करणार म्हणून. पण त्याच्या दावणीला आज गाईंच्या जोडीला दोन म्हशीही आहेत.

परत येताना स्कूटरवर मागं बसून मी विचारलं, वाईट वाटलं का, तो निघाला नाही म्हणून?  म्हणाले की लई वाटलं. इतकी वर्षं आमच्यात राहून त्यांच्या तोंडून पहिल्यांदा 'लई' निघालं, म्हणून मला ते खरं किती असेल ते कळलं.

पुढं ते निवृत्त झाले आणि परभणीकडं त्यांच्या भावाजवळ राहायला गेले. भिंतीवरचं कुसळ मला देऊन गेले. माडी नंतर मी कुणाला दिली नाही. मंडळी म्हणतात भाडं बुडतंय, मी म्हणतो दुसरा भाडेकरू कसा निघेल कुणास ठाऊक. सर मोबाईलवर आमच्या गवतांचे फोटो मागवतात आणि एकाचंही नाव सांगत नाहीत. फोटोला ओठ लावता येतो का, म्हणतात.

औंदा श्रावणात मंडळी माहेरी गेल्या होत्या, दत्ताला गवत कापू लागायला. माळाच्या पार वरच्या कडेला, दगडांच्या फटीत एक ठोंब होता. दिसायला मारवेलच. सवयीनं मंडळींनी काडी ओठावर फिरवली आणि थांबल्या. लव लागली नाही. दत्ताच्या बायकोला फिरवायला दिली, तिलाही नाही. दोघींनी विळे खाली ठेवले आणि मला फोन केला. मी सरांना लावला.

सरांनी आधी विचारलं, काडी जुनी की नवी? म्हटलं, नवी, औंदाचीच. दम धरून पुढचं विचारलं, "फूल आलंय?"

"न्हाई, सर."

  सर बोलले ते सरळ. "मग नाव घेऊ नका, मालक. फक्त कुणाला कापू देऊ नका. तुरा दिसला की कळवा, मी येतो."

दत्तानं ठोंबाभोवती दगड रचलेत. मी दुकान लवकर बंद करून दर रविवारी माळ चढतो. गावात हसतात, तणनाशकवाला गवताला पाहुणा जातो म्हणून. हसू द्या. तिथं वाकून मी एकेक शेंडा बघतो, आणि खाली उतरल्यावर सर माझ्या आधी फोन करतात.

कालही गेलतो. अजून फूल नाही.